क्लब आहे, सामने आहेत. बघणारे कुठे गेले?

लहान फुटबॉल क्लब चालवणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक तक्रार वर्षानुवर्षं तीच असते. टीम आहे, जिल्हा लीगमध्ये नाव आहे, पोरं घाम गाळतात. पण सामन्याला दोन्ही बाजूंचे राखीव खेळाडू आणि चहावाला सोडला तर काठावर कुणी नसतं. मग प्रश्न येतात. तिकीट बंद करू का? ढोल-ताशा आणू का? एखादा नावाजलेला खेळाडू पैसे मोजून घेऊ का? एवढे फ्लेक्स लावूनही लोक का येत नाहीत?

लोकांपर्यंत बातमी पोचत नाही, किंवा खेळ पुरेसा रंगत नाही, असं या सगळ्या प्रश्नांत गृहीत धरलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते खरं नसतं. ज्याला उत्तम फुटबॉल बघायचा आहे त्याच्या खिशातल्या फोनवर जगातला सर्वोत्तम फुटबॉल आहे. जिल्हा लीगच्या मैदानावर माणूस येतो तो आपल्या कुणाला तरी बघायला. भाचा खेळतो, शेजारचा पोरगा गोलात उभा असतो, स्वतः कधीतरी त्याच रंगाची जर्सी घातलेली असते. हे ‘आपलं कुणीतरी’ टीममधून नाहीसं झालं की गर्दी जाते. तेव्हा जाहिरातीचा खर्च आधी थांबवा आणि क्लब व वस्ती यांच्यातला कुठला धागा तुटला आहे ते शोधा. तो कसा शोधायचा, कसा जोडायचा आणि सभासद म्हणून तुमच्या हातात काय आहे, एवढंच इथे सांगतो.

आधी डोकी मोजा

‘पूर्वी माणसं झाडावर चढून बघायची’ हे वाक्य सभेत कुणी काढलं की त्याला चहा द्या आणि पुढे चला. आठवणीत राहतो तो अंतिम सामना. साखळीतला मधल्या वारचा सामना तेव्हाही बराचसा रिकामाच असायचा.

पुढच्या चार घरच्या सामन्यांना एका जबाबदार माणसाला वही देऊन बसवा. मोजणी मध्यंतराला करा. सुरुवातीला अर्धे आलेले नसतात आणि शेवटी अर्धे गेलेले असतात. नुसता आकडा उपयोगाचा नाही. रकाने असे पाडा:

- खेळाडूंच्या घरचे
- क्लबचे माजी खेळाडू
- परिसरातले, पण क्लबशी थेट संबंध नसलेले
- चौदा वर्षांखालची मुलं-मुली
- महिला (वरच्या कुठल्याही रकान्यात असल्या तरी वेगळ्या मोजा)
- समोरच्या टीमबरोबर आलेले

चार सामन्यांत चित्र पुरेसं स्पष्ट होतं. माजी खेळाडूंचा रकाना शून्य असेल, तर दुखणं मैदानावर नसून कमिटीत आहे. कुठल्या तरी निवडणुकीवरून, कुठल्या तरी हिशेबावरून ती माणसं दुखावली आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची घरं गेली आहेत. खेळाडूंच्या घरचे येत नसतील, तर वेळ किंवा बसायची सोय चुकते आहे. मुलं नसतील, तर पाच-सात वर्षांनी टीमही नसेल.

यानंतर येणं बंद केलेल्या दहा-पंधरा जणांना भेटा. फोनवर उरकू नका. ‘का येत नाही?’ असं विचारलंत तर सगळे ‘वेळ मिळत नाही हो’ म्हणतील. त्याऐवजी विचारा: शेवटचा कुठला सामना पाहिलात? आताच्या टीममधली किती पोरं नावानं ओळखता? तिसरा प्रश्न लागत नाही. बहुतेकांना टीममधली दोन नावंही सांगता येणार नाहीत, आणि तेच तुमचं उत्तर आहे.

कोल्हापूरकडून काय घ्यावं, काय घेऊ नये

गर्दीचा विषय निघाला की कोल्हापूर येतंच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्यातल्या कुठल्याही दोघांची गाठ पडली की गॅलरी भरते. खेळाचा दर्जा हे त्याचं पहिलं कारण नव्हे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. तिथंच गणपती बसतो, तिथंच संध्याकाळी कट्टा जमतो, तिथूनच टीम निघते. ती हरली तर पेठेतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर दुसऱ्या पेठेच्या माणसाकडून ऐकून घ्यावं लागतं. या ईर्षेवर कोल्हापूरचा हंगाम चालतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा, यात नवल नाही.

आता मुंबईकडे बघा. कूपरेजवर एकेकाळी मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा यांच्यासारख्या कंपन्यांच्या टीम गाजल्या. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं टीमच बंद केली. देशात पहिली आलेली टीम चार वर्षांत नाहीशी झाली. तिला मालक होता, पेठ नव्हती.

गोव्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. शिवोलीत १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी फुटबॉल आणला असं तिथे मानलं जातं. तेव्हापासून हा खेळ गावाचा, वाड्याचा, फेस्ताचा आहे. त्यावर पुढे उद्योजक घराण्यांचे मोठे क्लब उभे राहिले. धेंपोनं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. पण २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी आय-लीग सोडली, धेंपोही बाहेर पडला आणि आय-लीगमध्ये परतायला त्याला २०२४-२५ चा हंगाम उजाडला. या सगळ्या काळात गावोगावच्या स्पर्धा चालूच होत्या.

यावरून तुमच्या क्लबला तीन गोष्टी तपासता येतील.

नाव. क्लबच्या नावात गाव, पेठ, वाडा, कॉलनी आहे का? ‘युनायटेड’, ‘वॉरियर्स’, ‘रॉयल्स’ ही नावं कुणाचीच नसतात. रूढ नाव बदलायची गरज नाही. जर्सीवर आणि फळ्यावर परिसराचं नाव मोठ्या अक्षरांत आणा. प्रायोजकाचं नाव छातीवर आणि गावाचं नाव बाहीवर, असं कधीही करू नका.

पत्ता. क्लबला संध्याकाळी उघडी असणारी एक खोली, किमान एक कट्टा आहे का? सेक्रेटरीच्या घरचा पत्ता हा क्लबचा पत्ता होत नाही. सामना संपल्यावर लोक दहा मिनिटं रेंगाळतात ती जागा सर्वांत महत्त्वाची.

खेळाडू. पहिल्या अकरांत परिसरातले किती? इथे मी स्पष्ट मत देतो: निम्म्याहून कमी असतील तर गर्दीची अपेक्षा सोडा. बाहेरचे खेळाडू आणून करंडक मिळतो, हे खरं आहे. कोल्हापुरातही बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही खेळले आहेत. पण तिथे पेठेचा पाया आधीपासून होता. पाया नसलेल्या क्लबनं पैसे मोजून आणलेला स्ट्रायकर हंगाम संपला की जातो आणि त्याच्यासाठी बाकावर बसवलेल्या स्थानिक पोराचं घर कायमचं तुटतं. सर्वसाधारण सभेत ठराव करा: अकरांत किमान सहा परिसरातले, बाहेरचे जास्तीत जास्त पाच. हा आकडा तुमच्या लीगच्या नियमांत बसतो का ते मात्र आधी बघून घ्या.

आणि काय घेऊ नये? हुल्लड. शिवीगाळ, बाटल्या, दगड, सामन्यानंतर रस्त्यावर हाणामारी यांनी कोल्हापूरच्या फुटबॉलचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याच प्रतिस्पर्ध्यानं केलं नसेल. सामने अर्धवट थांबले आहेत, पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले आहेत. त्या गर्दीत बायका किती दिसतात ते बघा, म्हणजे किंमत कळेल. तुमच्याकडे आज चाळीस प्रेक्षक असतील, तर आई-बहिणीवरून शिव्या नकोत हा नियम घालायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. चार हजारांसमोर तो घालता येत नाही.

वेळापत्रक: इथेच निम्मे प्रेक्षक हातचे जातात

इंग्लंडमध्ये एक जुना नियम आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत तिथे फुटबॉलचं थेट प्रक्षेपण दाखवत नाहीत. लोक घरी टीव्हीसमोर बसले तर खालच्या लीगमधल्या लहान क्लबांची मैदानं ओस पडतील, या भीतीनं १९६० च्या दशकात तो आला आणि अजून टिकून आहे. गंमत अशी, की तेच तीन वाजताचे सामने आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेसातला बिनदिक्कत दिसतात. त्यांच्या लहान क्लबांना जे संरक्षण आहे ते आपल्या लहान क्लबांना नाही. ते आपणच वेळ बघून मिळवायचं.

शनिवारी इंग्लंडमधला दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात पाचला, हिवाळ्यात सहाला सुरू होतो. म्हणजे शनिवारी संध्याकाळी पाचनंतर तुम्ही कॉलेजच्या पोरांना मैदानावर बोलावत असाल, तर स्पर्धा थेट मँचेस्टर आणि लिव्हरपूलशी आहे. शनिवारी साडेतीन किंवा रविवारी सकाळी साडेसात-आठ या वेळा मोकळ्या असतात. मार्च उजाडला की दुपारचा विचारही नको, सकाळच बरी.

वेळा ठरवणं लीगच्या हातात असतं, क्लबच्या नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण जिल्हा संघटनेकडे लेखी अर्ज करता येतो, आणि चार क्लबांनी मिळून केला तर तो वाचला जातो. अर्जात मागा एवढंच:

१. हंगामातले किमान चार सामने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी.
२. वेळापत्रक निदान दहा दिवस आधी.
३. बदल झाल्यास दोन्ही क्लबांना लेखी कळवणं.

‘उद्या तीनला मॅच आहे’ असं आदल्या रात्री स्टेटसवर टाकून घरातली माणसं येत नाहीत. त्यांना दुकान बंद करायचं असतं, पाळी बदलून घ्यायची असते, स्वयंपाक आटपायचा असतो. तारखा कळल्या की परिसरातल्या किराणा दुकानात, सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत आणि शाळेच्या फाटकापाशी हातानं लिहिलेला फळा लावा. फळ्यावर समोरच्या टीमच्या नावाबरोबर आपल्या दोन-तीन पोरांची नावं, त्यांच्या गल्लीसकट. ‘साठेवाड्यातला ओंकार गोलात’ असं वाचून साठेवाडा येतो.

घरातून मैदानापर्यंतचा रस्ता

मोठ्यांच्या सामन्याआधी वीस मिनिटांचा लहान मुला-मुलींचा सामना ठेवा. मैदान अर्धं, बाजूला सात-सात. खर्च जवळजवळ शून्य. चौदा मुलं म्हणजे आई, बाबा, आजी, धाकटी भावंडं धरून तीस-चाळीस माणसं, आणि त्यांतली निम्मी मोठ्यांचा पहिला अर्धा भाग तरी थांबतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये लहान मुला-मुलींच्या एकत्र लीगची ‘गोल्डन बेबी लीग’ योजना सुरू केली. महासंघाच्या अशा लीगमध्ये नाव घालता आलं तर उत्तम. नाही आलं तरी आपल्या गल्लीतल्या चार टीमची लीग चालवायला कुणाची परवानगी लागत नाही.

लोक थांबावेत म्हणून लागणाऱ्या गोष्टी फार साध्या आहेत आणि आश्चर्य म्हणजे त्याच नसतात. प्यायचं पाणी. एका बाजूला सावलीचं कापड. म्हाताऱ्या माणसांसाठी दहा-पंधरा खुर्च्या. मंडपवाल्याकडून आणा, तो बहुधा तुमचाच माजी खेळाडू असेल. आणि बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह. मैदानाला नसेल तर शेजारच्या शाळेशी किंवा मंगल कार्यालयाशी बोला. ही सोय नसेल तर आई पहिल्या अर्ध्यातच उठते आणि मुलांना घेऊन जाते.

लहान मुलं क्लबमध्ये आली की जबाबदारीही येते. इथे हयगय चालत नाही:

- पालकांची लेखी संमती, आपत्कालीन फोन नंबर आणि आजार-औषधांची नोंद प्रत्येक मुलाची हवी.
- सरावाला किंवा प्रवासात एकच मोठा माणूस मुलांबरोबर एकटा नको, किमान दोघे. मुली असतील तर त्यांत एक महिला.
- मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांना विचारा. घरचा पत्ता, शाळेचं नाव फोटोखाली लिहू नका.
- सामन्याच्या वेळी प्रथमोपचाराची पेटी, बर्फ आणि गाडी तयार असलेला एक माणूस.

अठरा वर्षांवरच्या खेळाडूंना वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून घ्यायला लावा. पण तिच्यावर विसंबून राहू नका. ती अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी क्लबचा स्वतंत्र निधी किंवा गट अपघात विमा हवा. खेळाडू जायबंदी झाला आणि क्लबचं कुणी दवाखान्यात फिरकलं नाही, ही बातमी परिसरात फार वेगानं पसरते.

तिकीट ठेवावं का?

लहान क्लबनं ठेवू नये. दहा-वीस रुपयांतून जमतं काहीच नाही, फाटकावर एक माणूस अडकतो आणि सहज डोकावणारा परत फिरतो. पैसे हवेतच, पण ते सभासदत्वातून मिळवा. महिन्याला वीस-तीस रुपये, पावती, नाव लिहिलेलं कार्ड आणि सभेत मत. दानपेटी ठेवायची असेल तर ती कशासाठी आहे ते तिच्यावर लिहा: ‘मुलींच्या टीमचे बूट’. नुसत्या ‘क्लबला मदत करा’वर लोक पुढे जातात.

देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून द्यायची असेल, तर संस्थेची प्राप्तिकर विभागाकडे त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, आणि २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. मोठी देणगी धनादेशानं किंवा खात्यावरच घ्या.

जे करून झालेलं आहे आणि उपयोगाचं नाही

डीजे, लकी ड्रॉ, सामन्याला नट किंवा आमदार, मैदानभर पुढाऱ्यांचे फ्लेक्स. यांनी एका दिवसाची गर्दी होते. आमदार येतात त्या दिवशी गर्दी आमदारांबरोबर येते आणि त्यांच्याबरोबरच जाते. शिवाय क्लबवर एका पक्षाचा शिक्का बसतो, मग दुसऱ्या पक्षाची घरं पाठ फिरवतात. पुढाऱ्याला बोलवू नका असं नाही; एकाला बोलावलंत तर पुढच्या सामन्याला दुसऱ्यालाही बोलवा, आणि भाषण नको.

सप्टेंबर २०१७ मध्ये विश्वचषकाच्या तोंडावर महाराष्ट्र सरकारनं एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा म्हणून मोहीम केली. शाळांना चेंडू वाटले. फोटो छान आले. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलानं कुठल्या मैदानावर, कुणाकडे जायचं याचं उत्तर शाळेजवळच्या क्लबनं द्यायला हवं होतं. ज्या क्लबांनी दिलं त्यांना मुलं मिळाली. तुमच्या कुठल्याही कार्यक्रमाला हाच निकष लावा: दुसऱ्या दिवशी काय?

ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर परवानगी घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा तो लावता येत नाही. रविवारी सकाळी सातला कर्ण्यावर गाणी लावून शेजाऱ्यांना उठवणारा क्लब शेजारी गमावतो.

सभासदांनो, तुमचे हक्क

क्लब आणि वस्ती यांच्यातलं नातं तुटण्याचं सर्वांत अवघड कारण म्हणजे वर्षानुवर्षं तीच चार माणसं खुर्चीत असणं. ‘आम्हाला कुणी विचारत नाही’ ही तक्रार असेल तर पुढचं नीट वाचा.

महाराष्ट्रात बहुतेक मंडळं संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेली असतात आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० त्यांना लागू होतो. कार्यालय धर्मादाय आयुक्तांचं. (गोव्यात हा १९५० चा कायदा नाही, तिथे संस्थांची नोंदणी जिल्हा निबंधकांकडे होते.)

- घटना बघा. क्लबच्या नियमावलीची प्रत सेक्रेटरी देत नसतील, तर दाखल झालेली कागदपत्रं धर्मादाय कार्यालयात शुल्क भरून बघता येतात, नक्कल मागता येते. सभा कधी, किती दिवसांच्या सूचनेनं, किती सभासदांच्या मागणीनं विशेष सभा बोलावता येते, हे सगळं त्यात असतं.
- वर्गणी थकवू नका. १८६० च्या कायद्यानुसार तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही. बऱ्याच ठिकाणी निवडणुकीआधी नको असलेल्यांची वर्गणी घेण्याचंच टाळतात. खजिनदार घेत नसतील तर संस्थेच्या खात्यावर भरा किंवा मनीऑर्डर करा, आणि तसं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा. पावती जपून ठेवा.
- हिशेब मागा. संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासून घेऊन दाखल करावे लागतात. ते सभेत वाचून दाखवा म्हणणं हा उद्धटपणा नाही.
- कार्यकारिणी बदलली तर ९० दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा. तो वर्षानुवर्षं केलेला नसतो आणि मग बँक खातं गोठतं, अनुदान अडतं, भांडण न्यायालयात जातं. निवडून आलात तर पहिल्या आठवड्यात हे काम करा.

क्लब नोंदलेलाच नसेल, तर सात सभासद पुरेसे आहेत. मात्र संस्था नोंदवून थांबू नका. विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणीचा अर्जही तीन महिन्यांच्या आत करावा लागतो.

एक व्यवहारी सूचना. लढाईनं सुरुवात करू नका. जुन्या पदाधिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून टीम चालवलेली असते आणि त्यांना हिशेब मागितला की तो अपमान वाटतो. आधी एखादं काम मागून घ्या: मुलांची लीग, फळा, मोजणीची वही. काम करणाऱ्याला खुर्ची द्यावीच लागते.

मैदान हातचं जाऊ देऊ नका

गर्दी कमी झाली की पहिली नजर मैदानावर पडते. ‘इथं तसंही कुणी येत नाही’ हे वाक्य मैदान बळकावणाऱ्याच्या सोयीचं असतं, म्हणून तुमची मोजणीची वही इथेही पुरावा ठरते. सरावाचे दिवस, सामने, मुलांची संख्या सगळं तारखेसह लिहून ठेवा.

विकास आराखड्यात ती जागा ‘क्रीडांगण’ म्हणून आरक्षित आहे का, हे नगररचना विभागात विचारून घ्या. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. आरक्षणात बदल करायचा झाल्यास सूचना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी महिन्याची मुदत असते. ही सूचना वर्तमानपत्रात कोपऱ्यात येते. क्लबमधल्या एका निवृत्त माणसाला ती बघण्याचं काम द्या.

जागा खासगी मालकीची असेल तर सापळा वेगळा आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत पालिकेनं जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. तुमच्या मैदानाची दहा वर्षं कधी भरतात ते आजच काढा आणि नगरसेवकाला लेखी कळवा.

दूरच्या चकचकीत टर्फवर घरचे सामने नेण्याचा मोह होईल. भाडं परवडलं तरी नेऊ नका. लंडनचा विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी त्या क्लबकडे पाठ फिरवली आणि एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढून नवव्या स्तरापासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये जुन्या प्लाउ लेन भागात स्वतःच्या मैदानावर परतला. तिकडच्या लोकांनी क्लबचा दर्जा सोडला, वस्ती सोडली नाही. सरावाला टर्फ वापरा. सामना चालत येता येईल अशा जागीच ठेवा.

आणि बंदच करायची वेळ आली तर

काही क्लबांत अकरा खेळाडू जमत नाहीत, वर्गणी देणारे उरले नाहीत, परिसरच बदललेला असतो. जुन्या चाळी गेल्या, नव्या इमारतींतल्या लोकांना क्लबचं नावही माहीत नाही. अशा वेळी शेजारच्या क्लबमध्ये विलीन होणं कमीपणाचं नाही. पण ते दोन सेक्रेटऱ्यांनी चहावर ठरवण्याचं काम नव्हे. प्रस्ताव सभासदांना लेखी कळवून विशेष सभेत तीन-पंचमांश मतांनी मंजूर व्हावा लागतो, आणि महिन्यानं दुसरी विशेष सभा घेऊन तेवढ्याच मतांनी कायम करावा लागतो. क्लबची खोली, गाळा, जमीन विकायची किंवा बक्षीस द्यायची झाली तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी; इमारत किंवा गाळा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायलाही हवी.

‘बंद करू आणि शिल्लक वाटून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर तिथंच थांबवा. संस्था विसर्जित झाल्यावर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडेच जाते. ती कुठली हे मात्र तुम्ही सभेत ठरवू शकता. तेव्हा तुमच्या परिसरातल्या मुलांना खेळायला घेणारा क्लब निवडा आणि ठरावात तसं लिहून घ्या.